चिंतामणराव देशमुख

सर चिंतामण द्वारकानाथ देशमुख, अर्थात सी. डी. देशमुख (जन्म : १४ जानेवारी १८९६, नाते, तालुका महाड, तत्कालीन कुलाबा जिल्हा, मृत्यू : २ ऑक्टोबर १९८२, हैदराबाद) हे भारतीय सनदी अधिकारी, अर्थतज्ज्ञ, प्रशासक, शिक्षणतज्ज्ञ आणि संस्कृतचे अभ्यासक होते. भारतीय रिझर्व बँकेचे गव्हर्नरपद भूषविणारे ते पहिले भारतीय होत (१९४३–१९४९). १९५० ते १९५६ या काळात ते भारताचे अर्थमंत्री होते आणि १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले होते. त्यानंतर त्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले.

मितभाषी, नियमांना धरून चालणारा आणि पक्षीय राजकारणापासून अंतर राखणारा प्रशासक अशी देशमुखांची ओळख होती. तथापि मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळे काढून केंद्रशासित करण्याच्या निर्णयाच्या निषेधार्थ त्यांनी १९५६ साली केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ही घटना संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासातील एक महत्त्वाची घटना मानली जाते.

बालपण आणि शिक्षण

देशमुखांचा जन्म रायगड किल्ल्याच्या पायथ्याजवळील नाते या गावी झाला. त्यांचे वडील द्वारकानाथ गणेश देशमुख हे वकील होते. आईचे नाव भागीरथीबाई. चिंतामणरावांचे बालपण प्रामुख्याने कुंडलिका नदीकाठच्या रोहा येथे गेले. त्या काळी रोहा, पेण, अलिबाग, माणगाव, महाड इत्यादी तालुके कुलाबा जिल्ह्यात मोडत. १ जानेवारी १९८१ पासून या जिल्ह्याचे नाव रायगड असे झाले. देशमुखांच्या जन्माच्या काही महिने आधी, ११ सप्टेंबर १८९५ रोजी, याच जिल्ह्यातील पेण तालुक्यातील गागोदे या गावी आचार्य विनोबा भावे यांचा जन्म झाला होता.

पुढील शालेय शिक्षणासाठी देशमुख मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात दाखल झाले. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. संस्कृतचा हा व्यासंग त्यांनी आयुष्यभर जोपासला.

उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिज विद्यापीठाच्या जीझस कॉलेजात त्यांनी प्रवेश घेतला. १९१७ साली त्यांनी निसर्गविज्ञानाची ट्रायपॉस परीक्षा उत्तीर्ण केली. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूशास्त्र हे त्यांचे विषय होते. वनस्पतिशास्त्रातील प्रावीण्याबद्दल त्यांना फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळाले. १९१८ साली लंडन येथे झालेल्या इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या (आयसीएस) परीक्षेत ते पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले.

सनदी सेवा

देशमुखांची नेमणूक मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात झाली. तेथे त्यांनी सुमारे दोन दशके काम केले. जिल्हा प्रशासन, जमाबंदी, महसूल आणि वित्त अशा शासनाच्या बहुतेक महत्त्वाच्या शाखांचा अनुभव त्यांना या काळात मिळाला. जमाबंदीच्या कामात अधिकाऱ्याला गावोगाव फिरून जमिनीची प्रत, पीकपाणी, कुळांची स्थिती आणि कर्जाचा बोजा यांच्या नोंदी तपासाव्या लागत. ग्रामीण अर्थव्यवस्थेचा हा प्रत्यक्ष परिचय त्यांना पुढे शेतकी पतपुरवठ्याच्या धोरणात उपयोगी पडला.

१९३१ साली लंडन येथे भरलेल्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयात त्यांनी काम केले. त्यानंतर ते प्रांतिक सरकारच्या वित्त खात्याचे सचिव झाले.

भारतीय रिझर्व बँक

नेमणूक

रिझर्व बँकेची स्थापना १ एप्रिल १९३५ रोजी खासगी भागधारकांची बँक म्हणून झाली होती. सर ऑस्बर्न स्मिथ आणि सर जेम्स टेलर हे तिचे पहिले दोन गव्हर्नर होते. देशमुख जुलै १९३९ मध्ये सरकार व बँक यांच्यातील संपर्क अधिकारी म्हणून बँकेत आले. काही महिन्यांतच ते मध्यवर्ती मंडळाचे सचिव आणि डिसेंबर १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर झाले. फेब्रुवारी १९४३ मध्ये टेलर यांचे निधन झाल्यावर ११ ऑगस्ट १९४३ रोजी देशमुखांची गव्हर्नरपदी नियुक्ती झाली. भारतीय चलनी नोटांवर गव्हर्नर म्हणून स्वाक्षरी असलेले ते पहिले भारतीय ठरले. १९४४ साली ब्रिटिश सरकारने त्यांना ‘सर’ हा किताब दिला.

युद्धकालीन चलनवाढ आणि स्टर्लिंग शिल्लक

देशमुखांनी सूत्रे स्वीकारली तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते आणि बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. युद्धासाठी ब्रिटन भारतात मोठ्या प्रमाणावर माल व सेवा खरेदी करीत असे. या खरेदीची किंमत लंडनमध्ये पौंडांच्या रूपाने रिझर्व बँकेच्या खात्यावर जमा होई आणि तेवढ्या किमतीचे रुपये बँकेला भारतात चलनात आणावे लागत. परिणामी बाजारातील नोटांचे प्रमाण कित्येक पटींनी वाढले, वस्तूंचा तुटवडा कायम राहिला आणि महागाईचा भार सामान्य जनतेवर पडला. दुसरीकडे, युद्धापूर्वी ब्रिटनचा ऋणको असलेला भारत युद्धाअखेर धनको बनला. लंडनमध्ये साचलेली भारताची ही शिल्लक १०० कोटी पौंडांहून अधिक होती. ती किती काळात आणि कोणत्या स्वरूपात परत मिळणार, हा त्या काळचा कळीचा प्रश्न होता.

ब्रेटन वुड्स परिषद

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांची आर्थिक परिषद भरली. सर जेरेमी रेझमन यांच्या नेतृत्वाखालील भारतीय शिष्टमंडळात देशमुखांसह सर थिओडोर ग्रेगरी, सर षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ यांचा समावेश होता. युद्धकालीन शिलकीच्या परतफेडीचा प्रश्न नियोजित आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कक्षेत घ्यावा, अशी मागणी भारताने केली. ब्रिटन व अमेरिका यांनी ती मान्य केली नाही. मात्र नाणेनिधीत भारताला ४० कोटी डॉलरचा हिस्सा मिळाला. सर्वांत मोठ्या पाच हिस्सेदारांना कार्यकारी मंडळावर स्वतःचा संचालक नेमण्याचा अधिकार होता. सोव्हिएत संघ निधीत सामील न झाल्याने पाचवे स्थान भारताकडे आले. १९५० साली पॅरिस येथे झालेल्या नाणेनिधी व जागतिक बँक यांच्या संयुक्त वार्षिक सभेचे अध्यक्षपद देशमुखांनी भूषविले.

फाळणी आणि दोन देशांची एक बँक

ऑगस्ट १९४७ मध्ये देशाची फाळणी झाली, तरी पाकिस्तानची स्वतंत्र मध्यवर्ती बँक लगेच अस्तित्वात येऊ शकत नव्हती. त्यामुळे काही काळ रिझर्व बँकेनेच दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक म्हणून काम करावे, अशी व्यवस्था ठरली. अविभक्त भारताच्या रोख शिलकीतून पाकिस्तानच्या वाट्याला ७५ कोटी रुपये आले होते. त्यांपैकी २० कोटी आधीच देण्यात आले होते. काश्मीरमधील लढाईमुळे भारत सरकारने उरलेले ५५ कोटी रुपये रोखून धरले. महात्मा गांधींचे उपोषण चालू असताना, जानेवारी १९४८ मध्ये, ही रक्कम देण्याचा निर्णय सरकारने घेतला.

या काळात रिझर्व बँकेची स्थिती अवघड होती. परस्परांशी संघर्षात असलेल्या दोन सरकारांची ती एकाच वेळी कायदेशीर बँकर होती. अखेरीस ही व्यवस्था मूळ मुदतीपूर्वीच संपविण्यात आली आणि १ जुलै १९४८ रोजी स्टेट बँक ऑफ पाकिस्तान सुरू झाली.

राष्ट्रीयीकरण

१ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. भागधारकांना प्रत्येकी १०० रुपयांच्या भागासाठी ११८ रुपये १० आणे इतकी भरपाई देण्यात आली. त्याच वर्षी व्यापारी बँकांवर देखरेख ठेवण्याचे व्यापक अधिकार रिझर्व बँकेला देणारा बँकिंग कायदा संमत झाला. बँकेचा संशोधन व सांख्यिकी विभागही देशमुखांच्याच कारकिर्दीत उभा राहिला. ३० जून १९४९ रोजी ते गव्हर्नरपदावरून निवृत्त झाले.

केंद्रीय अर्थमंत्री

निवृत्तीनंतर भारत सरकारने देशमुखांची अमेरिका व युरोपसाठी विशेष वित्तीय प्रतिनिधी म्हणून नेमणूक केली. मार्च १९५० मध्ये स्थापन झालेल्या नियोजन आयोगाचे ते सदस्य झाले. आयोगाच्या अधिकारांविषयी मतभेद झाल्याने अर्थमंत्री जॉन मथाई यांनी राजीनामा दिला आणि १ जून १९५० रोजी देशमुख अर्थमंत्री झाले.

१९५१–५२ पासून १९५६–५७ पर्यंतचे अर्थसंकल्प त्यांनी संसदेत मांडले. या कालखंडातील प्रमुख निर्णय व घडामोडी पुढीलप्रमाणे आहेत.

- अन्नटंचाई : १९५१ साली भारताने अमेरिकेकडून गहू खरेदीसाठी १९ कोटी डॉलरचे कर्ज घेतले.
- पहिली पंचवार्षिक योजना (१९५१–५६) : डिसेंबर १९५२ मध्ये संसदेत मांडलेल्या अंतिम आराखड्यात सार्वजनिक क्षेत्राचा खर्च २,०६९ कोटी रुपये धरण्यात आला होता. शेती, पाटबंधारे व वीज यांना त्यात अग्रक्रम होता.
- राष्ट्रीय नमुना पाहणी : १९५० साली सुरू झालेल्या या पाहणीमुळे कुटुंबांचा खर्च, रोजगार इत्यादींची आकडेवारी नियमितपणे मिळू लागली. देशमुख भारतीय सांख्यिकी संस्थेचेही अध्यक्ष होते.
- स्टेट बँक : रिझर्व बँकेने करविलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचा अहवाल १९५४ साली प्रसिद्ध झाला. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सावकाराचा वाटा फार मोठा असून सहकारी संस्था व बँका यांचा वाटा नगण्य असल्याचे त्यातून दिसून आले. या अहवालाच्या आधारे इम्पीरियल बँकेचे रूपांतर १ जुलै १९५५ रोजी भारतीय स्टेट बँकेत झाले.
- आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण : १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकुमाद्वारे आयुर्विमा व्यवसाय सरकारने ताब्यात घेतला, त्याची घोषणा देशमुखांनी आकाशवाणीवरून केली. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ भविष्यनिर्वाह संस्था अशा एकूण २४५ संस्था त्यात सामील झाल्या. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले.
- कंपनी कायदा : मॅनेजिंग एजन्सी पद्धतीवर निर्बंध आणणारा नवा कंपनी कायदा १ एप्रिल १९५६ पासून अमलात आला.
- अर्थसंकल्पाची हिंदी प्रत : १९५५–५६ पासून अर्थसंकल्पाची कागदपत्रे हिंदीतही छापली जाऊ लागली.

राष्ट्रीयीकरणाच्या दोन्ही निर्णयांत देशमुखांची पद्धत सारखीच होती. विशिष्ट त्रुटीवर बोट ठेवायचे, भागधारकांना भरपाई द्यायची आणि नव्या संस्थेला कायद्याने स्वतंत्र अस्तित्व द्यायचे, असे तिचे स्वरूप होते. व्यापारी बँका त्या वेळी खासगी क्षेत्रातच राहिल्या.

कुलाबा मतदारसंघ

मंत्रिपदी नियुक्ती झाली तेव्हा देशमुखांना निवडणुकीच्या राजकारणाचा अनुभव नव्हता. १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसचे उमेदवार म्हणून ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. अशा रीतीने बालपण जेथे गेले त्या जिल्ह्याचेच प्रतिनिधित्व त्यांच्याकडे आले.

कुलाबा जिल्ह्याचे मुंबईशी असलेले नाते केवळ प्रशासकीय नव्हते. पेण परिसरातील तांदूळ, मीठ आणि गणेशमूर्ती यांची मोठी बाजारपेठ मुंबई हीच होती. पेणजवळील धरमतरच्या खाडीतून मुंबईशी जलवाहतूक चाले. रोह्यापर्यंत रेल्वे पोहोचली ती १९८६ साली. जिल्ह्यातील असंख्य कुटुंबांतील कर्ती माणसे मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि कचेऱ्यांत नोकरीला असत. त्यांच्या मनिऑर्डरींवर गावाकडची घरे चालत. त्यामुळे मुंबईचे राजकीय भवितव्य हा येथील मतदारांच्या दृष्टीने रोजच्या जगण्याचा प्रश्न होता. देशमुखांचे स्वतःचे शिक्षणही रोहा आणि मुंबई अशा दोन्ही ठिकाणी झाले होते.

मुंबईचा प्रश्न आणि राजीनामा

पार्श्वभूमी

भाषावार प्रांतरचनेच्या मागणीचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर १९५३ मध्ये न्या. फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली राज्य पुनर्रचना आयोग नेमला. ऑक्टोबर १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात आयोगाने विदर्भ वगळून मराठी व गुजराती भाषकांचे द्विभाषिक मुंबई राज्य सुचविले. तेलुगू भाषकांसाठी आंध्र राज्य १९५३ सालीच निर्माण झालेले असताना मराठी भाषकांना तो न्याय का नाही, असा प्रश्न महाराष्ट्रात विचारला जाऊ लागला. त्यानंतर काँग्रेस श्रेष्ठींनी महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई शहर अशा तीन राज्यांचा पर्याय मांडला.

या प्रस्तावाच्या विरोधात नोव्हेंबर १९५५ मध्ये मुंबईत मोठी निदर्शने झाली आणि पोलिसांच्या गोळीबारात अनेकांचा मृत्यू झाला. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी आकाशवाणीवरून मुंबई शहर केंद्रशासित राहील अशी घोषणा केली. त्यानंतरच्या आठवड्यात मुंबईत पुन्हा गोळीबार झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या संपूर्ण लढ्यात शंभरहून अधिक लोक हुतात्मा झाले. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुणे येथे संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली.

राजीनामा आणि लोकसभेतील निवेदन

जानेवारीतील घोषणेनंतर देशमुखांनी पंतप्रधानांकडे राजीनामा सादर केला. तथापि अर्थसंकल्पाचे अधिवेशन तोंडावर होते आणि मुंबईच्या प्रश्नावर तोडगा निघण्याची शक्यता पूर्णपणे मावळली नव्हती. त्यामुळे राजीनाम्याचा निर्णय काही महिने लांबला आणि देशमुखांनी १९५६–५७ चा अर्थसंकल्प मांडला. जूनमध्ये मुंबईत झालेल्या काँग्रेस महासमितीच्या अधिवेशनाच्या वेळी नेहरूंनी मुंबई केंद्रशासित ठेवण्याच्या निर्णयाचा पुनरुच्चार केला. जुलै १९५६ मध्ये देशमुख मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि २५ जुलै रोजी त्यांनी लोकसभेत राजीनाम्यामागील भूमिका स्पष्ट करणारे निवेदन केले.

निवेदनातील मुद्दे मुख्यतः तीन होते. पहिला मुद्दा प्रादेशिक न्यायाचा होता : मुंबई भौगोलिक व सामाजिक दृष्ट्या महाराष्ट्राचा भाग असून तिला वेगळे काढणे अन्यायकारक आहे. दुसरा मुद्दा गोळीबाराचा होता : इतके मृत्यू होऊनही न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, यावर त्यांनी टीका केली आणि महाराष्ट्राविषयी आकस बाळगला जात असल्याचा आरोप केला. तिसरा मुद्दा संसदीय कार्यपद्धतीचा होता : एवढ्या महत्त्वाच्या निर्णयाची घोषणा मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता झाली, असे त्यांचे म्हणणे होते. मंत्रिमंडळाची जबाबदारी सामूहिक असेल तर निर्णयप्रक्रियाही सामूहिक असली पाहिजे, असा या मुद्द्याचा आशय होता. नेहरूंनी हे आरोप अमान्य केले आणि आपण पंतप्रधानपदाच्या अधिकारमर्यादेतच वागल्याचे प्रतिपादन केले.

देशमुखांच्या जागी पुढे टी. टी. कृष्णम्माचारी अर्थमंत्री झाले.

परिणाम

मुंबई केंद्रशासित करण्याची योजना प्रत्यक्षात आली नाही. ऑगस्ट १९५६ मध्ये संसदेने विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र व कच्छ यांच्यासह विशाल द्विभाषिक मुंबई राज्याचा पर्याय स्वीकारला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते राज्य अस्तित्वात आले. हा पर्यायही समितीला मान्य झाला नाही. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला मोठे अपयश आले. देशमुखांचा पूर्वीचा कुलाबा मतदारसंघही समितीतील घटक असलेल्या शेतकरी कामगार पक्षाने जिंकला. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्याची निर्मिती झाली.

देशमुख स्वतः समितीच्या चळवळीत उतरले नाहीत. राजीनाम्यामुळे मिळालेल्या लोकप्रियतेचा उपयोग त्यांनी निवडणुकीसाठी केला नाही, तसेच महाराष्ट्रात नवा पक्ष किंवा गटही स्थापन केला नाही. त्याच वर्षी ते शिक्षणक्षेत्रातील कामाकडे वळले.

शिक्षण आणि सार्वजनिक संस्था

१९५६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाला कायद्याने वैधानिक दर्जा मिळाला आणि देशमुख आयोगाचे अध्यक्ष झाले. १९६१ पर्यंतच्या त्यांच्या कार्यकाळात विद्यापीठीय शिक्षकांच्या वेतनश्रेणीत सुधारणा, ग्रंथालये व प्रयोगशाळांना अनुदान आणि तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम यांवर भर देण्यात आला. त्यांच्यानंतर डॉ. दौलतसिंग कोठारी आयोगाचे अध्यक्ष झाले.

१९६२ ते १९६७ या काळात देशमुख दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. नियमित महाविद्यालयात जाऊ न शकणाऱ्यांसाठी विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. भारतातील दूरशिक्षणाच्या इतिहासात हा आरंभीचा टप्पा समजला जातो.

दिल्लीतील इंडिया इंटरनॅशनल सेंटर या संस्थेचे ते संस्थापक अध्यक्ष होते. राष्ट्रीय पुस्तक न्यास, हैदराबादचे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज आणि भारतीय लोकप्रशासन संस्था यांच्या उभारणीत वा कारभारातही त्यांचा सहभाग होता.

१९५९ साली देशमुखांनी उच्चपदस्थांवरील भ्रष्टाचाराच्या आरोपांची चौकशी करण्यासाठी स्थायी व स्वतंत्र न्यायाधिकरण नेमण्याची जाहीर मागणी केली. नेहरूंनी ती स्वीकारली नाही. पुढे संथानम समितीच्या शिफारशीनुसार १९६४ साली केंद्रीय दक्षता आयोग स्थापन झाला; मात्र मंत्री व लोकप्रतिनिधी यांच्या चौकशीसाठी स्वतंत्र यंत्रणा असावी की नाही, हा वाद त्यानंतरही अनेक दशके चालू राहिला.

१९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक

राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांच्या निधनामुळे १९६९ साली राष्ट्रपतिपदाची निवडणूक झाली. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते, तर पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या गटाचा कल अपक्ष उमेदवार व्ही. व्ही. गिरी यांच्याकडे होता. स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनी देशमुखांना पाठिंबा दिला. १६ ऑगस्ट रोजी झालेल्या मतदानात पहिल्या पसंतीची मते पुढीलप्रमाणे पडली.

- व्ही. व्ही. गिरी : ४,०१,५१५
- नीलम संजीव रेड्डी : ३,१३,५४८
- चिंतामणराव देशमुख : १,१२,७६९

पहिल्या पसंतीत कोणालाही आवश्यक बहुमत न मिळाल्याने दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली आणि गिरी विजयी झाले. देशमुखांच्या उमेदवारीत एक विसंगती होती. त्यांना पाठिंबा देणारा स्वतंत्र पक्ष नियोजन व राष्ट्रीयीकरण यांचा कट्टर विरोधक होता, तर देशमुख हे नियोजन आयोगाचे आरंभीचे सदस्य आणि स्टेट बँक व आयुर्विमा यांच्या राष्ट्रीयीकरणाचे प्रमुख सूत्रधार होते. मतदानाच्या महिनाभर आधी, १९ जुलै १९६९ रोजी, इंदिरा गांधी सरकारने १४ मोठ्या व्यापारी बँकांचे राष्ट्रीयीकरण केले होते. त्यामुळे आर्थिक धोरण हा त्या निवडणुकीच्या काळातील प्रमुख वादविषय बनला होता.

वैयक्तिक जीवन

इंग्लंडमधील वास्तव्यात देशमुखांचा रोझिना सिलकॉक्स यांच्याशी विवाह झाला. या दांपत्याला एक कन्या झाली. रोझिना यांचे १९४९ साली निधन झाले. २२ जानेवारी १९५३ रोजी देशमुखांनी स्वातंत्र्यसैनिक, संविधान सभेच्या सदस्या आणि आंध्र महिला सभेच्या संस्थापक दुर्गाबाई यांच्याशी विवाह केला. दुर्गाबाई या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष होत्या. देशमुखांनी उत्तरायुष्य हैदराबाद येथे व्यतीत केले. ९ मे १९८१ रोजी दुर्गाबाईंचे निधन झाले. त्यानंतर सुमारे दीड वर्षाने, २ ऑक्टोबर १९८२ रोजी, चिंतामणरावांचे हैदराबाद येथे निधन झाले.

वनस्पतिशास्त्राच्या शिक्षणामुळे जडलेला बागकामाचा छंद त्यांनी अखेरपर्यंत जपला.

साहित्य

कालिदासाच्या ‘मेघदूता’चा देशमुखांनी मराठीत पद्यानुवाद केला. महात्मा गांधींच्या निवडक वचनांचे संस्कृत पद्यरूपांतर त्यांनी ‘गांधीसूक्तिमुक्तावली’ या नावाने केले. त्यांच्या संस्कृत रचनांचा संग्रहही प्रसिद्ध झाला असून ‘अमरकोशा’वरही त्यांनी काम केले. ‘द कोर्स ऑफ माय लाइफ’ हे त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र १९७४ साली प्रकाशित झाले. दुर्गाबाईंनी ‘चिंतामण अँड आय’ या पुस्तकात दोघांच्या सहजीवनाविषयी लिहिले आहे.

कार्यपद्धती आणि मूल्यमापन

भारतीय राजकारणाच्या इतिहासात ‘नेमस्त’ हा शब्द सामान्यतः न्यायमूर्ती रानडे व गोपाळ कृष्ण गोखले यांच्या परंपरेसाठी वापरला जातो. सनद, अभ्यास आणि वाटाघाट यांवर त्या परंपरेचा भर होता. देशमुख कोणत्याही नेमस्त पक्षाचे सभासद नव्हते. परंतु त्यांच्या कार्यपद्धतीत ही वैशिष्ट्ये आढळतात. १९४७–४८ मध्ये रिझर्व बँकेला दोन्ही सरकारांच्या संदर्भात पार पाडावी लागलेली जबाबदारी, १९५६ मधील सामूहिक जबाबदारीचा आग्रह आणि १९५९ मधील स्वतंत्र न्यायाधिकरणाची मागणी या तिन्ही प्रसंगी निर्णय कोण घेतो याइतकाच तो कोणत्या रीतीने घेतला जातो, हा प्रश्न महत्त्वाचा होता.

राजीनाम्याबाबत दोन भिन्न दृष्टिकोन मांडता येतात. जानेवारीत दिलेला राजीनामा जुलैपर्यंत प्रलंबित राहिल्याने त्याचा राजकीय परिणाम कमी झाला, असे एका बाजूने म्हणता येते. दुसऱ्या बाजूने, या सहा महिन्यांत अर्थसंकल्प, दुसऱ्या योजनेची आखणी आणि विमा राष्ट्रीयीकरण ही कामे मार्गी लागली आणि समेटाचे प्रयत्न संपल्यानंतरच त्यांनी पद सोडले, ही गोष्ट त्यांच्या स्वभावाशी सुसंगत ठरते. मराठी जनमानसात मात्र मुंबईसाठी केंद्रातील सत्तेचा त्याग करणारा मंत्री हीच त्यांची प्रतिमा दृढ झाली.

सन्मान आणि स्मारके

- ‘सर’ हा किताब (१९४४)
- केंब्रिजच्या जीझस कॉलेजचे सन्माननीय फेलो (१९५२)
- शासकीय सेवेसाठी रॅमन मॅगसेसे पुरस्कार (१९५९). हा पुरस्कार त्यांना फिलिपिन्सचे होजे आगिलार यांच्यासमवेत मिळाला.
- पद्मविभूषण (१९७५). त्याच वर्षी दुर्गाबाईंनाही हा सन्मान मिळाला.

रिझर्व बँकेने त्यांच्या स्मरणार्थ १९८४ साली व्याख्यानमाला सुरू केली. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ठाणे महानगरपालिकेने चालविलेली प्रशासकीय प्रशिक्षण संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते. रोहा येथील महाविद्यालयालाही डॉ. सी. डी. देशमुख यांचे नाव देण्यात आले आहे.

भूषविलेली प्रमुख पदे

- डेप्युटी गव्हर्नर, भारतीय रिझर्व बँक : १९४१–१९४३
- गव्हर्नर, भारतीय रिझर्व बँक : १९४३–१९४९
- सदस्य, नियोजन आयोग : १९५० पासून
- केंद्रीय अर्थमंत्री : १९५०–१९५६
- लोकसभा सदस्य, कुलाबा : १९५२ मध्ये निर्वाचित
- अध्यक्ष, विद्यापीठ अनुदान आयोग : १९५६–१९६१
- कुलगुरू, दिल्ली विद्यापीठ : १९६२–१९६७